पहिले पिस्तूल सौम्य हवे, साइट साधी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नेमबाजीतल्या पदकांच्या बातम्या आपले वृत्तपत्र ठळकपणे छापते. त्या वाचून अनेक मुले, त्यांचे पालक आणि नोकरीतून निवृत्त झालेली मंडळीसुद्धा रेंजची चौकशी करू लागतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र नव्या माणसाच्या हाती पहिल्या दिवशी कोणते पिस्तूल द्यावे आणि त्यावर कोणत्या प्रकारची साइट, म्हणजे नेम धरण्यासाठी पाहायची खूण, असावी, याविषयी वाचायला फारसे मिळत नाही, आणि निवड बहुधा दुकानदाराच्या शिफारशीवर किंवा मित्राच्या हौसेवर सोडली जाते. नवशिक्यांना शिकवण्यात माझा बराच काळ गेला आहे. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, हा खेळ सुरू करून लवकरच सोडून देणाऱ्या बऱ्याच जणांना नेमबाजी अवघड गेलेली नसते, तर त्यांच्या हातात पहिल्याच आठवड्यात न पेलणारे हत्यार आलेले असते. म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

धक्क्याचे गणित साधे आहे. गोळी ज्या संवेगाने, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग याने, पुढे जाते, त्याच संवेगाने पिस्तूल मागे येते. हाताला सोसावी लागणारी धक्क्याची ऊर्जा या संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि पिस्तूल जितके जड तितकी ती कमी होते. जगभर सरावासाठी वापरले जाणारे पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आले आहे. त्याची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते आणि पिस्तुलाच्या नळीतून सेकंदाला ३०० ते ३३० मीटर वेगाने बाहेर पडते. नऊ मिलिमीटरच्या काडतुसाची गोळी साडेसात ते आठ ग्रॅमची असते आणि तिचा वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास असतो. म्हणजे संवेग तिपटीहून अधिक झाला, आणि दोन्ही पिस्तुले एकाच वजनाची धरली तर धक्क्याची ऊर्जा सुमारे दहापट झाली. एअर पिस्तुलाचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि त्याचा वेग सेकंदाला दीडशे मीटरहून थोडा जास्त असतो. त्याचा संवेग टू-टूच्याही एक दशांशाच्या आसपास भरतो, त्यामुळे तिथे धक्का जवळजवळ जाणवतच नाही. हे आकडे मुद्दाम दिले आहेत, कारण ‘थोडा जास्त धक्का बसेल इतकेच’ असे सांगून नऊ मिलिमीटरचे पिस्तूल नवख्या माणसाच्या हाती ठेवणारे लोक मला वारंवार भेटतात. दहापट धक्क्याला ‘थोडा जास्त’ म्हणणे ही नवशिक्याची दिशाभूल आहे.

एकदा हाताला हिसका बसला म्हणून फारसे बिघडत नाही. बिघडते ते पुढच्या गोळीच्या वेळी, कारण आता शरीराला काय होणार ते ठाऊक झालेले असते आणि ते आधीच तयारीला लागते. ट्रिगर सुटण्याच्या ऐन क्षणी मनगट पिस्तूल खाली ढकलते, बोटे मुठीवर आवळली जातात, पापण्या मिटतात. रेंजवर याला फ्लिंच म्हणतात. धक्क्याइतकाच आवाजही याला कारणीभूत असतो. काडतुसाच्या कोणत्याही पिस्तुलाचा स्फोट, अगदी टू-टूचासुद्धा, कानाला इजा करणाऱ्या १४० डेसिबलच्या पातळीपलीकडे जातो, आणि बंदिस्त रेंजमध्ये भिंतींवरून परतणारा आवाज शेजारच्या नेमबाजालाही दचकवतो. म्हणून नवशिक्याला कानात बोळे आणि त्यावर इअरमफ असे दुहेरी संरक्षण द्यावे, आणि पहिल्या काही दिवसांत त्याच्या शेजारच्या लेनमध्ये मोठ्या बोअरचे, म्हणजे रुंद नळीचे, हत्यार चालू देऊ नये, असे माझे सांगणे असते.

ही सवय कशी दिसते, हे पाहायचे असेल तर प्रशिक्षकाने मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मधे एखादे निकामी, सरावाचे काडतूस विद्यार्थ्याला न सांगता भरावे आणि बाजूला उभे राहून नळीच्या टोकाकडे पाहावे. खऱ्या गोळीच्या वेळी सगळे स्फोटात झाकले जाते. पण निकामी काडतुसावर फक्त ‘टक्’ असा आवाज येतो आणि त्याच क्षणी नळीचे टोक दोन बोटे खाली बुडते. माझ्या एका विद्यार्थिनीने आधी दुसरीकडे मोठ्या पिस्तुलावर काही दिवस सराव केला होता. हे घडले तेव्हा ती पिस्तुलाकडे आश्चर्याने पाहत राहिली, कारण आपला हात दगडासारखा स्थिर आहे अशी तिची प्रामाणिक समजूत होती. तिच्या कार्डावरची, म्हणजे लक्ष्याच्या कागदावरची, सगळी छिद्रे डाव्या बाजूला खाली पडली होती, उजव्या हाताच्या माणसाची फ्लिंच सहसा तिथेच उमटते. तिला साइट बदलून देण्याचा सल्ला मिळाला होता, मात्र साइटमध्ये काहीही दोष नव्हता. ही सवय लागायला एक दुपार पुरते आणि मोडायला महिने लागतात. ज्याने सुरुवातच एअर पिस्तुलावर किंवा टू-टूवर केली, त्याला ती बहुधा लागतच नाही.

इथे एका प्रथेबद्दल स्पष्ट लिहायला हवे. नव्या माणसाला गंमत म्हणून मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर देणे, ते त्याच्या कपाळापर्यंत उसळले की हसणे आणि त्याचे चित्रीकरण करून इतरांना पाठवणे, असे प्रकार मी पाहिले आहेत. पोहायला शिकवताना कोणी मुलाला पुराच्या पाण्यात उतरवत नाही, पण इथे तसे करणाऱ्यांना आपण काही वावगे केले असे वाटत नाही. हत्यार हातातून निसटू शकते, उसळलेली नळी मागे वळू शकते, आणि दचकलेले बोट दुसऱ्यांदा ट्रिगर दाबू शकते, एवढे तरी लक्षात घ्यायला हवे. ज्या रेंजवर हे चालते तिथे कोणाही पालकाने आपल्या मुलाला पाठवू नये.

याच्या उलट टोकाचा, पण तितकाच चुकीचा समज असा की लहान हाताला, आणि विशेषतः स्त्रियांना, लहान व हलके पिस्तूल सोपे जाते. खिशात मावणारी हत्यारे जवळ बाळगण्याच्या सोयीसाठी बनवलेली असतात, शिकण्यासाठी नव्हे. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या पिस्तुलातून उडवले तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. शिवाय आखूड मुठीवर करंगळीला जागा उरत नाही, आखूड नळीमुळे स्फोटाचा आवाज आणि झोत हाताच्या अधिक जवळ येतो, आणि साइट इतक्या जवळजवळ असतात की अगदी बारीक चूकही कार्डावर मोठी होऊन उमटते. लहान बांध्याच्या व्यक्तीसाठी उत्तर आहे ते कमी ताकदीचे काडतूस आणि हाताला बसणारी मूठ. पिस्तुलाचा आकार त्यानंतर पाहावा.

मग द्यावे काय? माझ्या मते शक्य असेल तिथे सुरुवात दहा मीटरच्या एअर पिस्तुलाने करावी. स्पर्धेच्या नियमांनुसार हे ४.५ मिलिमीटरचे असते, त्याचे वजन दीड किलोच्या आत आणि ट्रिगरचा भार निदान ५०० ग्रॅम असावा लागतो. प्रत्यक्षात चांगली पिस्तुले एक किलोच्या आसपास भरतात आणि मुलांसाठी त्याहून हलकी, आखूड मॉडेलही मिळतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एका हाताने एक किलो वजन डोळ्यांच्या उंचीवर धरून ठेवायला सांगितले तर दहाव्या छर्‍यालाच त्याचा खांदा भरून येतो आणि उरलेला तास तो थकव्याशी झगडण्यात घालवतो. अशा मुलाला सुरुवातीला टेकू देऊन किंवा दोन्ही हातांनी नेम धरू द्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही, पुढे एका हाताची शिस्त आपोआप लावता येते.

एअर पिस्तुलांतही फरक असतो. एकाच दट्ट्याने हवा दाबून भरण्याची जुनी रचना टिकाऊ आणि विश्वासार्ह असली, तरी प्रत्येक छर्‍याआधी हवा दाबणारी कळ जोर लावून बंद करावी लागते, त्यात लहान मुलाची पकड मोडते आणि मनगट दमते. आधीच दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारे पिस्तूल नवशिक्यासाठी कितीतरी सोयीचे, कारण त्यात छर्रा ठेवला, कळ बंद केली की झाले. मात्र जुने पिस्तूल विकत घेताना सिलिंडरवरची तारीख अवश्य पाहावी. सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची असते, आणि मुदत संपलेला सिलिंडर हे स्वस्तात पडलेले पिस्तूल मुळीच स्वस्त नसल्याचे लक्षण असते. या पिस्तुलांत हवा खर्च न करता नुसता ट्रिगर दाबून सराव करण्याची सोयही दिलेली असते, आणि नवशिक्याचा निम्म्याहून अधिक वेळ याच कोऱ्या सरावात जावा असे मी मानतो. टू-टूच्या बाबतीत मात्र हा सराव जपून करावा लागतो. तिथे घोडा काडतुसाच्या कडेवर आपटतो, आणि काडतूस नसेल तर त्याची पिन अनेक पिस्तुलांत चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, काठावरच आदळून तो काठ ठेचते. त्यासाठी सरावाची निकामी काडतुसे वापरावीत किंवा उत्पादकाची पुस्तिका आधी वाचावी.

एअर पिस्तूल नसेल, किंवा शिकणाऱ्याला काडतुसाच्याच हत्यारावर शिकायचे असेल, तर टू-टूचे पूर्ण आकाराचे, स्टीलच्या सांगाड्याचे टार्गेट पिस्तूल द्यावे. एक किलोभर वजन, लांब नळी आणि बारीकसे काडतूस असे सगळे शिकणाऱ्याच्या बाजूने असते. पहिले बरेच दिवस मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरावे. गोळी सुटल्यावर पिस्तूल आपोआप पुन्हा भरले जाते, ही गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात राहत नाही, आणि कार्डाकडे पाहत तो वळला तर हातात भरलेले हत्यार असते. टू-टूचे रिव्हॉल्व्हरही शिकवायला उत्तम, कारण त्याचे सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसवायचे फिरते नळकांडे, उघडले की ते भरलेले आहे की रिकामे हे पाच फुटांवरूनही दिसते. फक्त त्यात घोडा आधी मागे ओढून ठेवून मगच ट्रिगर दाबायला शिकवावे. एकाच ओढीत घोडा मागे नेणारा ट्रिगर चार-पाच किलो भार मागतो, आणि नवख्या बोटाची सगळी शक्ती त्यातच जाते. टू-टू उपलब्धच नसेल तर जड रिव्हॉल्व्हरमधून पॉइंट थ्री-एटची कमी वेगाची टार्गेट काडतुसे वापरता येतात, पण तो पर्याय शेवटचा समजावा.

ट्रिगरच्या भाराबाबत अनेक जाणकारांशी माझा मतभेद आहे. ट्रिगर जितका हलका तितका नेम चांगला, हे अनुभवी हातांपुरते खरे आहे. शिकणाऱ्याला बोट ट्रिगरबाहेर ठेवण्याची सवय अजून अंगवळणी पडलेली नसते, तेव्हा पाचशे ग्रॅमचा ट्रिगर नुसत्या स्पर्शाने सुटतो आणि ‘गोळी आपोआप गेली’ असे वाक्य रेंजवर ऐकू येते. पंचवीस मीटरच्या पिस्तुलासाठी नियमाने किमान १००० ग्रॅम भार ठरवलेला आहे. शिकण्यासाठी मी एअर पिस्तुलाचा ट्रिगरही त्याच्या आसपास ठेवतो. त्यात पहिला टप्पा मोकळा आणि दुसरा स्पष्ट जाणवणारा असावा, म्हणजे बोटाला थांबायची एक जागा मिळते.

आता साइटविषयी. या विषयावर हौशी लोकांत सर्वांत जास्त वाद होतात आणि नवशिक्याला सर्वांत कमी समजावून सांगितले जाते. पिस्तुलावर पुढे एक काटा आणि मागे एक खाच असते. काटा खाचेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड आणि दोघांच्या वरच्या कडा एका रेषेत, एवढीच अपेक्षा असते. ती का महत्त्वाची, हे पुन्हा आकड्यांतच पटते. दोन साइटमध्ये ३३ सेंटीमीटर अंतर असलेल्या पिस्तुलावर काटा खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला गेला, तर दहा मीटरवर छर्रा तीन सेंटीमीटर बाजूला पडतो आणि दहाऐवजी सात गुण मिळतात. उलट साइट अचूक जुळलेल्या असतील आणि अख्खे पिस्तूलच नळीची दिशा न बदलता पाच मिलिमीटर सरकले, तर छर्राही तेवढाच सरकतो आणि साडेअकरा मिलिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळाला तो तरीही स्पर्श करतो. म्हणजे हात हलला तर क्षमा आहे, साइट बिघडल्या तर नाही. खिशातल्या पिस्तुलावर हेच अंतर बारा सेंटीमीटर असेल, तर तीच एक मिलिमीटरची चूक आठ सेंटीमीटरहून मोठी होते, आणि कार्डावरच्या काळ्या वर्तुळाची त्रिज्या जेमतेम तीन सेंटीमीटर असते. हे गणित एकदा फळ्यावर काढून दाखवले की हात थरथरतो म्हणून रडकुंडीला आलेला विद्यार्थी शांत होतो, कारण थरथर हा आपला मुख्य शत्रू नाही हे त्याला पटते.

यावरूनच डोळ्याने काय पाहावे, हेही ठरते. डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू रेखीव पाहू शकतो, आणि ती वस्तू पुढची साइट असली पाहिजे. कार्ड धूसर दिसले तरी चालेल, किंबहुना ते धूसरच दिसायला हवे. नवशिक्याला हे पटत नाही, कारण ज्यावर मारायचे त्याच्याकडे पाहायचे ही त्याची स्वाभाविक ओढ असते. म्हणून शिकवण्याच्या पिस्तुलावर साइट अशी हवी की जिच्या कडा नजरेला पकडून ठेवतील. माझी निवड साधी, चौकोनी, चकाकी नसलेली काळी साइट ही आहे. पुढचा काटा रुंद असावा, आणि खाच इतकी रुंद असावी की काट्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्याएवढा उजेड दिसेल. अरुंद खाचेत फट दोन बाजूंना सारखी आहे की नाही हे नवख्या डोळ्याला कळत नाही, आणि तो ते शोधत श्वास रोखून इतका वेळ थांबतो की शेवटी दृष्टीच थकते.

अनेक पिस्तुलांवर पांढरे तीन ठिपके असतात. कमी उजेडात आणि घाईत ते उपयोगी पडत असतील, पण शिकण्यासाठी मला ते अडथळा वाटतात. विद्यार्थी कडा जुळवायच्या सोडून ठिपके एका ओळीत आणू लागतो, आणि ठिपके रंगवलेले असल्यामुळे त्यांचा मध्य कडांशी नेमका जुळलेला असेलच असे नसते. चमकदार काडीच्या, म्हणजे फायबर ऑप्टिकच्या साइटचेही तसेच आहे. ती डोळ्यात लगेच भरते, म्हणूनच तिच्या कडांकडे दुर्लक्ष होते. असे पिस्तूल आधीच घेतलेले असेल तर ते टाकून देण्याची गरज नाही. ठिपक्यांवर काळा मार्कर फिरवला की काम भागते आणि नंतर तो पुसताही येतो.

मागची साइट स्क्रूने हलवता येणारी असावी, मात्र तो स्क्रू पहिले काही आठवडे फक्त प्रशिक्षकाने फिरवावा. मागची साइट ज्या दिशेला सरकवाल त्या दिशेला छर्रा जातो, पुढचीबाबत याच्या उलटे असते. नवशिक्याला हे शिकवावे, पण लगेच करू देऊ नये, कारण ज्याचे छर्रे अजून कार्डभर विखुरलेले आहेत तो साइट फिरवून आपल्याच चुकांचा पाठलाग करत राहतो. मी सुरुवातीला काळे वर्तुळ नसलेले कोरे कार्ड लावतो. मारायला काहीच नसले की डोळा आपसूक पुढच्या साइटवर परततो, आणि छर्रे कुठे पडले यापेक्षा ते किती जवळजवळ पडले हे पाहण्याची सवय लागते. वर्तुळाचे कार्ड लावल्यावर नेम वर्तुळाच्या मध्यावर न धरता त्याच्या खाली पांढऱ्यात धरायला शिकवावे. काळ्यावर काळा काटा दिसत नाही, पांढऱ्यावर त्याची वरची कड स्वच्छ दिसते.

काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या रेड डॉट साइटविषयी अलीकडे मला बरेच विचारले जाते. तिच्यात जुळवायचे काहीच नसते, ठिपका जिथे तिथे गोळी, म्हणून ती नवशिक्याला सर्वांत सोपी, असा युक्तिवाद असतो. तो अर्धा खरा आहे. ठिपका आणि कार्ड एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, डोळ्याला निवड करावी लागत नाही. चाळिशीनंतर हाताच्या अंतरावरची साइट ज्यांना धूसर दिसते, त्यांना या साइटचा खरोखर आधार होतो, आणि अशा विद्यार्थ्यांना मी ती आनंदाने लावून देतो. पण तरुण विद्यार्थ्याच्या बाबतीत दोन अडचणी येतात. हात सगळ्यांचाच हलतो, पण काट्यावर ती हालचाल फारशी दिसत नाही, तर ठिपक्यावर ती नाचताना दिसते. मग विद्यार्थी ठिपका मध्यावरून जाण्याची वाट पाहतो आणि तो आला की ट्रिगरला हिसका देतो, म्हणजे जी सवय टाळण्यासाठी आपण सौम्य पिस्तूल निवडले तीच मागच्या दाराने आत येते. दुसरे म्हणजे पिस्तूल वर उचलल्यावर ठिपका काचेत सापडतच नाही, आणि तो शोधण्यासाठी मनगट चहूकडे वळू लागते. काट्या-खाचेवर पकड बसल्यानंतर हीच व्यक्ती रेड डॉट घेईल तर ठिपका तिला आपोआप सापडतो. ज्यांच्या डोळ्यांत सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना तो ठिपका गोल न दिसता फराटा ओढल्यासारखा किंवा फुटल्यासारखा दिसतो. विकत घेण्यापूर्वी तो स्वतःच्या डोळ्याने पाहून घ्यावा. सहा मिनिटांच्या कोनाचा (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका पंचवीस मीटरवर सुमारे ४४ मिलिमीटर जागा झाकतो, त्यामुळे कार्डासाठी लहान ठिपका बरा. शिवाय आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल स्पर्धांत फक्त उघडी साइट चालते. ज्या मुलाला त्या वाटेने जायचे आहे त्याने सुरुवातही तिच्यावरच करावी हे बरे.

डोळ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. उजव्या हाताच्या काही जणांचा डावा डोळा प्रबळ असतो, आणि हे त्यांना स्वतःला ठाऊक नसते. दोन्ही तळव्यांची लहानशी खिडकी करून तिच्यातून दूरची वस्तू पाहावी आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीतच राहते तो प्रबळ. ही तपासणी पिस्तूल निवडण्याच्या आधी व्हायला हवी, कारण टार्गेट पिस्तुलाची लाकडी मूठ उजवी किंवा डावी अशी ठरलेली असते. एक डोळा करकचून मिटू देऊ नये, त्याने उघड्या डोळ्यावरही ताण येतो. त्याऐवजी चष्म्यावर एक फिकट पट्टी लावावी. पॅरिसच्या २०२४च्या ऑलिम्पिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ डिकेच यांनी साध्या चष्म्यावर, दोन्ही डोळे उघडे ठेवून, मिश्र एअर पिस्तुलात रौप्यपदक मिळवले. त्यांचे छायाचित्र जगभर फिरले तेव्हा साधनांना काही अर्थ नसतो असे अनेकांनी लिहिले. त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या आणि भिंगे नव्हती हे खरे, पण हातातले पिस्तूल उत्तम प्रतीचे आणि हाताला बसणाऱ्या मुठीचे होते, आणि मागे अनेक वर्षांचा सराव होता. पट्ट्या नंतर आल्या तरी चालतात, मूठ मात्र पहिल्या दिवसापासून बसलेली हवी.

मुठीची परीक्षा अगदी सोपी आहे. रिकामे पिस्तूल हातात बसवून डोळे मिटून वर उचलावे आणि मग डोळे उघडावेत. साइट जवळपास जुळलेल्या दिसल्या तर मूठ हाताची आहे. काटा दरवेळी एकाच बाजूला जात असेल तर मूठ वळवावी, घासावी किंवा बदलावी. तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सरळ टेकले पाहिजे आणि बोटाची बाजू लाकडाला घासू नये. दुकानात पाच मिनिटांत होणारी ही तपासणी न करता, नुसते नाव पाहून महागडी पिस्तुले घेणारे पालक पाहिले की वाईट वाटते.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून माझी विनंती रेंज चालवणाऱ्यांना आहे. नवशिक्यांसाठी लहान आणि मध्यम मुठीची निदान एकेक एअर पिस्तुले आणि एक टू-टू, सर्वांवर साधी काळी साइट आणि चेंबरमध्ये ते रिकामे असल्याचे दाखवणारा सेफ्टी फ्लॅग, अशी वेगळी ठेवावीत, आणि कोणालाही पिस्तूल विकत घ्यायला सांगण्यापूर्वी काही आठवडे तीच वापरू द्यावीत. मोठ्या बोअरवर कधी जायचे हे वय, अंगयष्टी किंवा उत्साह पाहून ठरवू नये. निकामी काडतुसावर ट्रिगर सुटल्यानंतर पुढची साइट जागची हलली नाही, असे प्रशिक्षकाला सलग अनेक वेळा दिसले, की तेव्हा ते ठरवावे.

आपला विश्वासू,
एक नेमबाजी प्रशिक्षक